जागा आणि बिऱ्हाड

वसंतातील व्याख्यानांचे दिवस आणि परीक्षांच्या निकालांचे दिवस आपल्याकडे एकमेकांना लागूनच येतात. सायंकाळी मंडपात येऊन बसणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांच्या घरी बारावीचा कोणी ना कोणी परीक्षार्थी असतो. आणि व्याख्यात्याचा विषय उपनिषदांचा असो की अर्थकारणाचा, ऐकणाऱ्याच्या मनाचा एक कोपरा घरच्या त्या निकालाकडे लागलेला असतो. याचा अनुभव आम्हांला दरवर्षी येतो. व्याख्यान संपते, आभार मानून होतात, आणि चार-दोन गृहस्थ मागे रेंगाळतात. त्यांना व्याख्यानाच्या विषयावर काही विचारायचे असेल असे वाटावे, तो ते हळूच जवळ येऊन म्हणतात, ‘आमच्या मुलीला पुण्यात कुठे जागा मिळेल का हो?’ या प्रश्नाचे उत्तर उभ्याउभ्या देता येत नाही. म्हणून येथे तोच विषय सविस्तर मांडण्याचे योजिले आहे.

गेल्या पावसाळ्यातील एक हकीकत सांगून आरंभ करतो. मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी दोन मुली एकाच वर्गात, एकाच बाकावर बसत. दोघींचे गुण जवळजवळ सारखे. अभियांत्रिकीच्या पहिल्या फेऱ्यांत दोघींनाही मनासारखे काही मिळाले नाही. आणि अगदी शेवटच्या फेरीत दोघींनाही पुण्यातील एकाच महाविद्यालयात जागा लागली. यादी सायंकाळी लागली. तिसऱ्या दिवशी पाच वाजायच्या आत कागदपत्रांसह हजर होऊन शुल्क भरायचे होते. एकीची मावशी हडपसरला राहते. त्या मुलीने रात्रीची एस.टी. पकडली, सकाळी मावशीकडे आंघोळ केली आणि दुपारी प्रवेश घेतला. दुसरीच्या वडिलांनी पैशांची जुळवाजुळव केली होती. परंतु रात्री जेवणे झाल्यावर घरात एकच प्रश्न निघाला, ‘पोरीने राहायचे कुठे?’ दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्यात ओळखीपाळखीच्या पाच-सहा ठिकाणी फोन केले. महाविद्यालयाचे वसतिगृह भरून गेले होते. खासगी खोलीवाला तीन महिन्यांचे भाडे अनामत म्हणून आधी मागत होता, आणि तो कोण, कुठला, हे सांगणारे कोणी नव्हते. असे करता करता तिसऱ्या दिवशीचे पाच वाजून गेले. त्या मुलीने मग गावच्याच महाविद्यालयात बी.एस्‌सी.ला नाव घातले. गुण सारखे, जागा सारखी, घरची ऐपतही फारशी वेगळी नाही. फरक एवढाच, की एकीला मावशी होती आणि दुसरीला नव्हती.

आमच्या या लेखाचा विषय ही मावशी आहे.

परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वी शेवटच्या घटकेला जागा निघते तरी कशी, हे नीट समजून घेतले पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते की अखेरीस उरलेली जागा म्हणजे कोणालाच नको असलेला उरलासुरला माल. ही समजूत बरोबर नाही. एकच विद्यार्थी वैद्यकीय, अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी अशा निरनिराळ्या प्रवेशप्रक्रियांत एकाच वेळी नाव घालून बसलेला असतो. त्यात चूकही काही नाही. त्याला वैद्यकीयची जागा मिळाली की त्याने अडवून ठेवलेली अभियांत्रिकीची जागा मोकळी होते. त्या जागी खालच्या पसंतीवर असलेला कोणी सरकतो, त्याची जागा तिसऱ्याला मिळते, आणि साखळी अशी खालपर्यंत जाते. एस.टी.त आरक्षण केलेला उतारू आलाच नाही, तर गाडी सुटता सुटता कंडक्टर दारातल्या माणसाला आत बोलावतो. त्याला मिळणारे आसन कधी कधी अगदी खिडकीजवळचे असते. शेवटच्या जागेचेही असेच आहे. ती वाईट असतेच असे नाही. मात्र तिच्यासाठी दारात उभे असावे लागते.

आपल्या राज्यात हे काम राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष पाहतो. विद्यार्थ्याने महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा, गुणानुक्रमे यंत्र जागा वाटत जाते, आणि एकामागून एक फेऱ्या होतात. अभियांत्रिकीसाठी २०२५-२६ च्या वर्षी अशा चार फेऱ्या ठेवण्यात आल्या. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा लागली तर ती पक्की समजली जाते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींपैकी एखादी लागली तरी तोच नियम. म्हणजे पसंतीक्रम भरताना ‘पाहू, लागले तर लागले’ असे म्हणून वरच्या रांगेत भलतेच नाव लिहिणे अंगाशी येते. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, म्हणून त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका वाचल्यावाचून कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. शेजारच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय लागू होते, हे आज उपयोगाचे नाही.

या केंद्रीय फेऱ्या आटोपल्यावर ज्या जागा रिकाम्या राहतात त्या संस्थास्तरावर भरल्या जातात. येथे विद्यार्थ्याने त्या त्या महाविद्यालयात स्वतः अर्ज करायचा असतो. येथेच एक मोठा खड्डा आहे, तो आधी दाखवून ठेवतो. शासनाच्या शुल्कसवलतीच्या मुख्य योजना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ही फार मोठी गोष्ट होय. परंतु तीही केंद्रीय प्रक्रियेतून आलेल्या मुलींसाठीच. संस्थास्तरावर व्यवस्थापनाच्या कोट्यातून मिळालेल्या जागेला ती लागू नाही. म्हणून शेवटच्या दिवशी खिडकीपाशी उभे राहिल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा, की ही जागा कोणत्या खात्यातली आणि हिला शुल्कसवलत लागू आहे की नाही. हा प्रश्न विचारायला लाजून ज्यांनी आधी पैसे भरले, त्यांना पुढे चार वर्षे त्याची भरपाई करावी लागते.

ही धावपळ आपल्याच देशात आहे असे मात्र नाही. ब्रिटनमध्ये विद्यापीठ-प्रवेशाचे काम १९६१ साली स्थापन झालेल्या एका मध्यवर्ती मंडळाकडे गेले. पुढे १९९३ मध्ये त्याचे दुसऱ्या एका मंडळाशी विलीनीकरण होऊन आजचे ‘यूकास’ अस्तित्वात आले. तेथे शाळेच्या अंतिम परीक्षेचा निकाल ऑगस्टच्या मध्यावर लागतो. ज्यांचे गुण ठरलेल्या विद्यापीठापुरते भरले नाहीत, किंवा ज्यांचा बेत ऐन वेळी बदलला, त्यांच्यासाठी ‘क्लिअरिंग’ नावाची व्यवस्था असते. रिकाम्या जागांची यादी सर्वांसमोर असते. विद्यार्थी थेट विद्यापीठाला फोन करतो, आपले गुण सांगतो, आणि पटले तर विद्यापीठ तोंडी होकार देते. या व्यवस्थेतील एक रीत आम्हांला फार आवडते. फोनवर विद्यार्थ्यानेच बोलावे अशी विद्यापीठांची अपेक्षा असते. बापाने बोलू नये, आईने बोलू नये. शिकायचे ज्याला, त्याने हा विषय का घेतो हे दोन वाक्यांत सांगावे. आपल्याकडे खिडकीशी वडील बोलतात आणि मुलगा मागे फाइल धरून उभा असतो. परंतु तेथेही दुसरी अडचण आपल्यासारखीच आहे. पुष्कळ विद्यापीठे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वसतिगृहाची हमी देतात. क्लिअरिंगमधून उशिरा आलेल्याला ती मिळेलच असे नाही. निकाल ऑगस्टच्या मध्यावर आणि सत्र सप्टेंबरच्या अखेरीस. त्या पाच-सहा आठवड्यांत परक्या गावी खोली शोधणे हेच तेथल्या मुलांचेही मोठे काम होऊन बसते.

आता मुदतीविषयी. सायंकाळचे पाच म्हणजे पाच. यंत्राला दया येत नाही. पूर्वी माणसे होती म्हणून दया होती असेही म्हणवत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी आत्मवृत्तात सांगितलेली हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १८७५ साली कोकणातील मुरूडहून सह्याद्री ओलांडून ते पायी साताऱ्याला गेले, परीक्षेला बसण्यासाठी. आणि वय सतराचे दिसत नाही म्हणून त्यांना बसू दिले गेले नाही. शंभर मैलांहून अधिक चालून आलेला मुलगा तसाच परत गेला. पुढे त्यांनी कोल्हापूरला ती परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले, म्हणून आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो. जे परतले आणि पुन्हा कधी निघालेच नाहीत, त्यांची गोष्ट कोण सांगणार?

अगदी अलीकडची दोन उदाहरणे न्यायालयाच्या दप्तरी नोंदलेली आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जागा लागलेल्या एका दलित विद्यार्थ्याचे शुल्क, बँकेचे कार्ड चालले नाही म्हणून मुदतीत भरले गेले नाही. त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि २२ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायालयाने त्याला जागा देण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जागा लागली. भरायचे होते १७,५०० रुपये. मुदत २४ जून, सायंकाळी पाच. लोकांकडून पैसे गोळा होईपर्यंत घटका भरत आली आणि जागा गेली. तीन महिने दारोदार हिंडल्यावर ३० सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालील अधिकार वापरून त्याच्यासाठी जादा जागा निर्माण करण्यास सांगितले. न्याय झाला, ही समाधानाची गोष्ट. पण साडेसतरा हजार रुपये वेळेवर हाताशी नसणे हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत जावा लागला, याचा अर्थ काय? त्याच्या गावात, जिल्ह्यात, ज्या मार्गाने तो शिकत आला त्या मार्गावर, एक दिवसापुरते पैसे देणारी कोणतीही व्यवस्था नव्हती. आणि न्यायालयात गेले ते दोघे. जे गेले नाहीत त्यांची गणती कोठेच नाही.

येथून आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. जागा मिळणे आणि शिकता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जागा यादीत लागते. शिकणे बिऱ्हाडावर अवलंबून असते. बिऱ्हाड म्हणजे नुसते छप्पर नव्हे. छप्पर, दोन वेळचे जेवण, आणि ताप आला तर कपाळावर हात ठेवून पाहील असे एक माणूस, या तिन्ही गोष्टी मिळून बिऱ्हाड होते. मावशी म्हणजे या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी.

आपल्या मागच्या पिढ्यांना हे पक्के कळले होते. जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. कोणी माधुकरी मागत. त्या रीतीत अपमानाचे घोट पुष्कळ होते, तरी शिकणाऱ्या पोराच्या पोटाची काळजी गावाने घ्यायची, हा विचार तिच्यात होता. मात्र ती दारे सर्वांना उघडी नव्हती. ती एका जातीच्या मुलांपुरती उघडत. बाकीच्या बहुजनांच्या मुलांना शहरात ना वार होता, ना ओसरी.

राजर्षी शाहू छत्रपतींचे मोठेपण येथे आहे. शाळा उघडल्या म्हणजे खेड्यातील मुलगा आपोआप शिकेल या भ्रमात ते राहिले नाहीत. मुलगा शिकत नाही याचे कारण शाळा नाही हे जितके, तितकेच कोल्हापुरात त्याला राहायला ठिकाण नाही हेही आहे, हे त्यांनी ओळखले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जाती, अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत गेली. एका शहरात एवढी वसतिगृहे उभारणारा राजा दुसरा दाखवता येणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांचे वसतिगृह सुरू झाले, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवत आणि आपले काम आपण करीत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, दिले. कमवा आणि शिका हे सूत्र पुढे सर्वत्र गेले. पुणे विद्यापीठात ते आजही चालू आहे. परंतु त्याचा उगम कोणत्या भांड्यातल्या पिठात आहे, हे विसरता कामा नये.

आणि बिऱ्हाड न मिळणे म्हणजे काय, हे बाबासाहेब आंबेडकरांइतके कोणी भोगले असेल? १९१७ साली परदेशातील शिक्षण घेऊन ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. पद मिळाले, राहायला घर मिळेना. नाव बदलून एका पारशी खाणावळीत उतरावे लागले. तेही कळून आल्यावर लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, आणि ते मुंबईस परतले. एवढा विद्वान माणूस राज्याच्या सेवेत असून शहरात टिकू शकला नाही, कारण शहराने त्याला खोली दिली नाही. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभारले, तेव्हा वर्गखोल्यांबरोबर वसतिगृहाचाही विचार केला, यात आश्चर्य नाही. पुढे १९५५ साली पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली, तीही खेड्यातून आलेल्या गरजू मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय लावण्यासाठीच.

आज आपण काय केले आहे? जागावाटप यंत्रावर नेले. लातूरच्या आणि लांज्याच्या मुलाला घरबसल्या यादी दिसते, वशिल्याला वाव राहिला नाही. हे मोठे काम झाले, आणि त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु बिऱ्हाडाचे काम दलालाच्या हाती सोपवून आपण मोकळे झालो. शासनाच्या योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आणि डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरवले गेले; त्यांत भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. निवासाचे २०,००० म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. एवढ्या भाड्यात पुण्यात केवढी खोली मिळते, हे पुणेकर वाचकांना आम्ही सांगायला नको. शिवाय ही रक्कम हाती येते ती प्रवेशानंतर, अर्ज-तपासणी होऊन. खोलीवाला अनामत मागतो ती पहिल्या दिवशी. या दोन दिवसांमधले जे अंतर आहे, त्यात आमच्या हकीकतीतील दुसऱ्या मुलीची जागा गेली.

मग घरच्यांनी करावे काय? आमच्या अल्प अनुभवावरून चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट कागदांची. यादी लागल्यावर तहसील कचेरीत धावणे व्यर्थ. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, राखीव जागेसाठी जातीचा दाखला व जात वैधता प्रमाणपत्र, आणि ज्यांना लागू असेल त्यांना त्या वर्षाचे नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र, हे सर्व मे महिन्यातच एका पिशवीत असावे. जात वैधतेला महिने लागतात. ते काम अकरावीतच सुरू करावे. कर्व्यांना साताऱ्याहून परतवणारा वयाचा प्रश्न आज निराळ्या रूपाने याच खिडकीत उभा असतो.

दुसरी गोष्ट पैशांची. शुल्क भरण्यासाठी लागणारी रक्कम यादीच्या आदल्या दिवशी बँकेत असावी, आणि ती ज्या खात्यातून वा कार्डावरून भरायची त्याची मर्यादा किती, हे आधी विचारून ठेवावे. एक मार्ग अडला तर दुसरा तयार असावा. पाचच्या मुदतीला साडेचारला बसू नये, सकाळी बसावे.

तिसरी गोष्ट भीतीची. ‘घेतलेली जागा सोडली तर पैसे बुडतील, कागद अडकतील’ या धास्तीने पुष्कळजण वाईट जागेला चिकटून राहतात किंवा चांगली जागा घेतच नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या सूचनेप्रमाणे संस्थेला विद्यार्थ्याची मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेता येत नाहीत. तपासून ती परत द्यायची असतात. तसेच प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश सोडल्यास पूर्ण शुल्क, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत सोडल्यास नव्वद टक्के, तारखेनंतर पंधरा दिवसांपर्यंत ऐंशी टक्के आणि तीस दिवसांपर्यंत पन्नास टक्के परत मिळावे, असे त्यात ठरवून दिले आहे. मात्र हे सर्वच ठिकाणी सरसकट लागू धरू नये. वैद्यकीय प्रवेशाच्या अखेरच्या फेरीत मिळालेली जागा नाकारली तर अनामत जप्त होते. म्हणून अखेरच्या फेरीत नाव घालण्यापूर्वीच घरात ठरवावे, की लागली तर जायचेच.

आणि चौथी गोष्ट बिऱ्हाडाची. ती सर्वांत आधी करायची आणि आपण सर्वांत शेवटी करतो. ज्या दोन-तीन शहरांची नावे पसंतीक्रमात लिहायची, त्या शहरांत उन्हाळ्यातच एकदा जाऊन यावे. महाविद्यालयाचे वसतिगृह, शासकीय वसतिगृह, समाजाची बोर्डिंगे, विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या संस्था, यांच्या अर्जाच्या तारखा टिपून ठेवाव्यात. या तारखा प्रवेशाच्या यादीसाठी थांबत नाहीत. खासगी खोली घ्यायची झाल्यास अनामत किती, ती परत केव्हा, मध्येच सोडली तर काय, हे लिहून घ्यावे आणि पैशांची पावती घ्यावी. पहिल्या आठ-पंधरा दिवसांची तात्पुरती सोय कोठे होईल एवढे जरी ठरलेले असले, तरी पुढचे पुष्कळ सोपे होते. कारण गावात राहून खोली शोधणे आणि दोनशे मैलांवरून शोधणे यांत फार अंतर आहे.

कोणी म्हणेल, हे सारे तुम्ही मुलीच्या बापाला सांगता. शहराला काहीच सांगत नाही. आमचे खरे सांगणे शहरालाच आहे. पुणे स्वतःला विद्येचे माहेरघर म्हणवते. माहेरी आलेल्या लेकीला कोणी तीन महिन्यांची अनामत मागत नाही. आज शहरात किती मंगल कार्यालये आषाढ-श्रावणात मोकळी असतात. किती शाळांचे वर्ग रात्री रिकामे असतात. किती थोरल्या वाड्यांत आणि सदनिकांत दोन म्हातारी माणसे एकटी राहतात. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीचे ते आठ-दहा दिवस प्रत्येक महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी, प्रत्येक गणेशोत्सव मंडळाने, जिल्ह्याजिल्ह्याच्या रहिवासी संघांनी मिळून पन्नास मुलांची जरी तात्पुरती सोय केली, आणि एक-दोन दिवसांपुरते शुल्क उसने देणारा छोटा निधी ठेवला, तर यादीत लागलेली जागा निवाऱ्याअभावी वाया जाणार नाही. यासाठी कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. रहिवाशांच्या नावांची एक वही आणि संध्याकाळी फोन उचलणारी चार माणसे लागतात. शाहू छत्रपतींना त्यासाठी राज्य होते. भाऊरावांपाशी तेही नव्हते.

त्या दुसऱ्या मुलीविषयी वाचकांना उत्सुकता असेल. तिने यंदा पुन्हा प्रवेश परीक्षा दिली आहे. निकाल अजून लागायचा आहे. परंतु तिचे वडील चैत्रातच पुण्याला येऊन गेले. आम्हांला भेटले तेव्हा त्यांनी गुणांचा विषय काढला नाही, महाविद्यालयाचाही काढला नाही. खिशातून घडी केलेला कागद काढला; त्यावर तीन वसतिगृहांची नावे आणि अर्जाच्या तारखा लिहिलेल्या होत्या. म्हणाले, ‘साहेब, यात चौथे कोणते घालायचे ते सांगा.’ आम्ही एक नाव सांगितले. मावशी नसलेल्या घराने स्वतःपुरती मावशी उभी करायला घेतली आहे. बाकीच्यांसाठी ती कोण उभी करणार, या प्रश्नाचे उत्तर मंडपात बसलेल्या आपणा सर्वांकडून हवे आहे. आणि ते यंदाची शेवटची यादी लागायच्या आत हवे आहे.